पिक स्वॅप : चॅम्पियन संघाला चोविसावा नंबर कसा मिळाला?

ओसरी
नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या बास्केटबॉलचं वारं शिरलंय. मुलगा तेरा वर्षांचा, अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडर संघाचा कट्टर चाहता. २०२५ च्या जूनमध्ये थंडरने अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला हरवलं, त्या पहाटे साडेपाचला आम्ही दोघं चहा-दूध घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो.

नंतर तीनच दिवसांनी ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले. त्यातल्या एकेका पाळीला 'पिक' म्हणतात. त्याचा नियम मुलानेच मला शिकवलाय. प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, न पोचलेल्या १४ संघांची लॉटरी, आणि बाकीचे १६ संघ साखळीतल्या विजयांच्या उलट क्रमाने. थंडरने ६८ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वात जास्त. म्हणजे पहिल्या फेरीत त्यांचा नंबर शेवटचा, तिसावा. पण यादीत थंडरपुढे २४ आणि तिसाव्या जागी लॉस एंजेलिस क्लिपर्स! क्लिपर्सने ५० सामने जिंकले होते. मुलगा म्हणाला, "आई, हे उलटं कसं?" मला उत्तर देता आलं नाही.

शोधल्यावर 'स्वॅप राइट्स' हा शब्द सापडला. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज या थंडरच्या खेळाडूच्या बदल्यात क्लिपर्सने हा हक्क दिला होता म्हणे. पण तो चालतो कसा? सरळ पिकच का देत नाहीत? आणि मला तर हे अन्यायाचंच वाटतंय. मागे असलेल्याला पुढची जागा मिळावी म्हणून ड्राफ्ट आहे ना? मग चॅम्पियनलाच वरची जागा कशी? जाणकारांनी सांगावं, मला त्याला नीट समजावून सांगायचंय.

कांदेपोहे
शीर्षकात 'पिक' वाचून पीकविम्याचा धागा असेल म्हणून आत आले. आता आलेच आहे तर बसते. वाचतेय.

हिशेबनीस
ओसरीताई, शाळेतल्या डब्यावरून सांगतो. समजा, मी मित्राला माझी नवी कोरी बॅट दिली आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की पुढच्या वर्षी एका ठरलेल्या दिवशी आपण दोघं डबे उघडू. त्याचा डबा मला जास्त आवडला तर तो मी घेणार आणि माझा त्याला देणार. माझाच चांगला निघाला तर मी गप्प माझा खाणार. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, आणि स्वतःहून 'बदल' असंही म्हणता येत नाही. हक्क माझा, बंधन त्याचं.

२०२५चा हक्क थंडरकडे होता. त्यांच्या डब्यात तिसावा, क्लिपर्सच्या डब्यात चोविसावा. बदलला. त्या चोविसाव्यावर निवडलेला निक क्लिफर्ड पुढे सॅक्रामेंटोकडे गेला ही वेगळी गोष्ट.

पण या स्वॅपमधून थंडरला मिळालं किती? सहा पायऱ्या. पिक मिळाला नाही, दोन पिकांमधला फरक मिळाला. स्वॅपची किंमत करताना लोक इथेच चुकतात.

टेकडी
'सरळ पिकच का देत नाहीत' याचं उत्तर क्लीव्हलँडमध्ये आहे. १९८० च्या सुमारास टेड स्टेपियन नावाचे गृहस्थ कॅव्हेलियर्सचे मालक झाले आणि त्यांनी पहिल्या फेरीचे पिक असे वाटले की संघाकडे काही उरेना. डॅलस मॅव्हरिक्सचं त्यावर चांगलंच फावलं. १९८४ मध्ये मायकेल जॉर्डननंतर लगेच, चौथ्या नंबरवर डॅलसने सॅम पर्किन्सला घेतलं तो पिक मूळचा क्लीव्हलँडचा. परिस्थिती इतकी बिघडली की १९८३ मध्ये गुंड बंधूंनी संघ घेतला तेव्हा लीगने त्यांना पुढच्या चार ड्राफ्टसाठी पहिल्या फेरीचे जादा पिक विकत दिले.

त्यातून 'स्टेपियन नियम' आला. पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हातात राहणार नाही, असा सौदा करता येत नाही. शिवाय सात वर्षांपुढचा पिक देता येत नाही.

आता क्लिपर्सचा सौदा बघा. स्वतःचे २०२२, २०२४ आणि २०२६ चे पिक दिले. २०२३ आणि २०२५ चे देता येईनात, नियम आडवा आला. मग त्या दोन वर्षांचे स्वॅप दिले. स्वॅपमध्ये क्लिपर्सच्या हातात कुठला ना कुठला पिक राहतोच, तिसावा का असेना, त्यामुळे नियम मोडत नाही. एक वर्ष पिक, एक वर्ष स्वॅप, पुन्हा पिक. मोठ्या सौद्यांमध्ये हीच वीण दिसेल.

जेम्स वर्दीसारखा मोठा खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सना मिळाला तीही स्टेपियनचीच कृपा.

जुनी_पानं
टेकडी, बाकी सगळं बरोबर, पण वर्दीचं तेवढं दुरुस्त करतो. तो सौदा फेब्रुवारी १९८० चा, डॉन फोर्डच्या बदल्यातला. स्टेपियन त्यानंतर आले. १९८२ मध्ये लेकर्स चॅम्पियन झाले आणि त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलँडच्या त्या पिकाने त्यांना पहिला नंबर मिळाला. तेव्हा चॅम्पियनला वरची जागा मिळणं नवं नाही, ओसरीताई. तुमच्या मुलाला सांगा, चोविसावा काहीच नाही, चॅम्पियनला पहिलासुद्धा मिळालाय.

टेकडी
दुरुस्तीबद्दल आभार. वर्दीचं खापर इतकी वर्षं मी भलत्याच डोक्यावर फोडत होतो.

बोस्टनचा_बाळू
स्वॅपचा विषय निघाला आणि मी गप्प बसेन? १४ वर्षं बोस्टनजवळ राहतोय.

जुलै २०१३. सेल्टिक्सने पॉल पिअर्स, केविन गार्नेट आणि जेसन टेरी ब्रुकलिन नेट्सना दिले. पिअर्स ३५ वर्षांचा, गार्नेट ३७. त्या दिवशी ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, घरातली म्हातारी माणसं परगावी पाठवल्यासारखं वाटत होतं. बदल्यात २०१४, २०१६, २०१८ चे पिक आणि मधल्या २०१७ चा स्वॅप. टेकडींनी सांगितलेली वीण हीच.

२०१७ येईपर्यंत पिअर्स आणि गार्नेट दोघंही ब्रुकलिन सोडून गेलेले. नेट्स २०-६२, लीगमध्ये शेवटचे. आमचे सेल्टिक्स ५३ विजयांसह पूर्व विभागात पहिले. त्या मोसमात मी रोज सकाळी आधी नेट्सचा निकाल बघायचो आणि मग सेल्टिक्सचा. मे महिन्यात लॉटरी लागली आणि नेट्सचा पिक पहिला निघाला. आम्ही त्यांना २७वा दिला आणि पहिला घेतला. सव्वीस पायऱ्या! ताई, तुमच्या सहा पायऱ्यांच्या शेजारी हे ठेवून बघा.

नेट्सवेडा
बाळूदादा, रोज सकाळी नेट्सचा निकाल आम्हीही बघायचो. आमच्या घरी मात्र चहा गार व्हायचा.

मी जर्सी सिटीत राहतो. संघ न्यू जर्सीत होता तेव्हापासूनचा चाहता. लोक म्हणतात की नेट्सने पिक गमावले. गमावलं त्याहून जास्त. एरवी संघ हरत असला तर चाहत्याला एक आशा असते, की चला, यंदा हरलो, जूनमध्ये चांगला पोरगा मिळेल. स्वॅपने ती आशासुद्धा नेली. ६२ पराभव सोसायचे आणि त्यांचं फळ शेजारच्या शहरात जाताना बघायचं. त्या चार वर्षांसाठी आम्हाला मिळाली प्लेऑफमधली एकच जिंकलेली मालिका, २०१४ मध्ये टोरांटोविरुद्ध. म्हणून मी ओसरीताईंच्या बाजूने आहे. हा हक्क बंदच करावा. चूक करणारा व्यवस्थापक निघून जातो, भोगतो तो तिकीट काढून येणारा माणूस.

वरळीकर
बाळूदादांची गोष्ट इथे संपत नाही, पुढचा भाग मुंबईशी जोडलेला आहे.

२०१७ मधला पहिला पिक सेल्टिक्सने ठेवला नाही. फिलाडेल्फियाला दिला आणि त्यांचा तिसरा घेतला, वर आणखी एक पुढचा पिक. फिलाडेल्फियाने पहिल्यावर मार्केल फल्ट्झ घेतला, सेल्टिक्सने तिसऱ्यावर जेसन टेटम. आता प्रश्न असा, की फिलाडेल्फियाकडे तिसरा आला कुठून? तोही स्वॅपमधून! त्यांचा स्वतःचा पाचवा होता. तिसरा सॅक्रामेंटो किंग्जचा.

आणि किंग्जचे मालक कोण? विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला. २०१५ मध्ये किंग्जला नवे खेळाडू घ्यायला पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. म्हणून त्यांनी निक स्टॉस्कस, कार्ल लँड्री, जेसन थॉम्प्सन हे तिघं, पुढचा एक पहिल्या फेरीचा पिक आणि २०१६ व २०१७ चे स्वॅप फिलाडेल्फियाला दिले. बदल्यात आले ते युरोपातले दोन खेळाडू, त्यातला एकही पुढे किंग्जकडून खेळला नाही. स्वॅप म्हणजे चिल्लर, असंच तेव्हा किंग्जना वाटलं असावं.

पिक सरकला तरी किंग्जच्या वाट्याला पाचव्यावर डी'एरन फॉक्स आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले, भारतातले पहिले एनबीए सामने. मी दोन्ही दिवस गेलो होतो. पहिला सामना जादा वेळेत एका गुणाने गेला, घसा बसला ओरडून. तेव्हा मला हे स्वॅपचं काही माहीत नव्हतं. नंतर कळलं की ज्याच्या संघासाठी आपण ओरडत होतो, तो फॉक्स एका गमावलेल्या सौद्याचं उरलेलं दान होता. २०२३ मध्ये त्याच फॉक्सने किंग्जना १६ मोसमांच्या दुष्काळानंतर प्लेऑफमध्ये नेलं. दोन पायऱ्या खाली सरकल्यावरसुद्धा चांगलं पीक येऊ शकतं.

कांदेपोहे
बघा, आलंच शेवटी पीक! मी योग्य धाग्यावर होते.

वरळीकर, फार छान लिहिलंत. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टेटमचा पिक दोन-दोन स्वॅपांतून फिरून आला हे वाचून अंगावर काटा आला.

पारिजात_ठाणे
नेट्सवेडा, तुमचं दुःख समजतं, पण बंदी मला पटत नाही. दुसरी बाजू मिलवॉकीची. नोव्हेंबर २०२० मध्ये बक्सनी ड्रू हॉलिडेसाठी न्यू ऑर्लिन्सला दोन पिक दिले, २०२५ आणि २०२७ चे, आणि २०२४ व २०२६ चे स्वॅप. तेव्हाही लोक म्हणाले, भविष्य विकलं. आठ महिन्यांत बक्स चॅम्पियन झाले, ५० वर्षांनी. आणि २०२४ चा स्वॅप? दोन्ही संघांनी ४९-४९ सामने जिंकले, न्यू ऑर्लिन्सचा नंबर २१वा, मिलवॉकीचा २३वा. न्यू ऑर्लिन्सने बदल मागितलाच नाही. मिलवॉकीच्या चाहत्याला विचारा, तो तोच सौदा उद्या पुन्हा करेल.

छोट्या शहरातल्या संघाकडे मोठा खेळाडू आपणहून येत नाही. त्यांच्याकडे देण्यासारखं काय असतं? पुढची वर्षं. तीही देऊ नका म्हटलं तर त्यांनी करायचं काय?

नेट्सवेडा
पारिजात, चषक आला म्हणून तुम्ही त्याला शहाणपण म्हणताय. आमच्या वेळी मोसम सुरू होण्याआधी आम्हालाही चषकाचे दावेदार म्हणत होते.

पारिजात_ठाणे
मान्य. तरीही दावा करता आला हे महत्त्वाचं. काही संघांना तेवढंही मिळत नाही.

हिशेबनीस
या वादात एक गोष्ट सुटतेय. स्वॅपची पैज एका संघावर नसते, दोन संघांवर असते. देणारा पुढे किती खराब होईल हे सगळे बघतात. घेणारा किती चांगला असेल हे कुणी बघत नाही.

उदाहरण ह्यूस्टन. जानेवारी २०२१ मध्ये जेम्स हार्डन ब्रुकलिनला गेला (नेट्सवेडा, क्षमस्व, पुन्हा तुम्हीच). ह्यूस्टनला २०२२, २०२४, २०२६ चे पिक आणि २०२१, २०२३, २०२५, २०२७ चे चार स्वॅप. ऐकायला केवढं मोठं! पण २०२१ मध्ये ह्यूस्टन स्वतःच इतकं वाईट खेळलं की त्यांचा दुसरा नंबर आला, नेट्सचा २७वा. स्वॅप वाया. २०२३ मध्ये ह्यूस्टनचा चौथा, नेट्सचा विशीच्या पलीकडचा. वाया. सरळ घेतलेला २०२४ चा पिक मात्र तिसरा निघाला आणि रीड शेपर्ड आला. २०२५ चा स्वॅप २०२४ च्या उन्हाळ्यात नेट्सने एका वेगळ्या सौद्यात परत घेतला.

वॉशिंग्टनचंही तेच. २०२३ मध्ये ब्रॅडली बील फिनिक्सला गेला. फिनिक्सने केविन ड्युरांटसाठी २०२३, २०२५, २०२७, २०२९ चे पिक आधीच दिलेले, त्यामुळे स्टेपियन नियमाने मधल्या वर्षांचे पिक अडकलेले. उरले स्वॅप. वॉशिंग्टनला २०२४, २०२६, २०२८, २०३० असे चार मिळाले. २०२४ मध्ये वॉशिंग्टनने फक्त १५ सामने जिंकले, स्वतःचाच दुसरा नंबर. फिनिक्सचा २२वा घेऊन काय करायचा?

म्हणून पुनर्बांधणीला लागलेल्या संघाला लगेचच्या वर्षाचा स्वॅप फारसा उपयोगाचा नाही. पाच-सहा वर्षांपुढचा असेल, तोवर आपली पोरं तयार झाली असतील आणि समोरचे म्हातारे झाले असतील, तर त्याला मोल येतं. थंडरचा २०२५ चा स्वॅप सहा वर्षांपुढचाच होता.

कांदेपोहे
एक शंका. ड्युरांटच्या सौद्यात फिनिक्सने स्वॅप दिलाच नव्हता का? आणि एकाच वर्षाचा दोघांना दिला तर?

हिशेबनीस
अगदी नेमकं धरलंत! २०२८ चा स्वॅप ड्युरांटच्या सौद्यात ब्रुकलिनला देऊन झाला होता, आणि तेच वर्ष पुन्हा बीलसाठी वॉशिंग्टनला दिलं. मग रांग लागते. ज्याचा हक्क आधीचा तो आधी डबा उघडून बघतो, उरलेल्यातून दुसरा.

तळ्याकाठी
अवांतर, पण याच विषयातलं. आम्ही दहा मित्र फॅन्टसी लीग खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे आपापले कागदी संघ करतो, आणि आम्हीही स्वॅप सुरू केले. मी एका मित्राकडून 'पुढच्या वर्षी पिक बदलायचा हक्क' घेतला. मधल्या काळात त्याने कुठूनतरी आणखी एक पिक मिळवला. ड्राफ्टच्या रात्री मी बदल मागितला, तर तो म्हणाला, मी तुला हा दुसरा देतो, कुठला ते ठरलंच नव्हतं. दोन तास भांडण. सौदा लिहिताना 'तुझा स्वतःचा पिक' हे शब्द घालायचे राहिले होते.

तेव्हापासून खऱ्या सौद्यांची भाषा मी लक्ष देऊन वाचतो. 'अमुक आणि तमुक यांच्यातला अधिक चांगला' हे शब्द किती मोलाचे आहेत! २०२५ च्या ड्राफ्टमध्ये न्यू ऑर्लिन्सने डेरिक क्वीनला घेण्यासाठी अटलांटाकडून १३वा पिक घेतला. त्यासाठी २३वा दिला आणि २०२६ मध्ये स्वतःच्या व मिलवॉकीच्या पिकांपैकी जो चांगला तोही देऊन टाकला. पारिजात म्हणतात तो हॉलिडेच्या वेळचा स्वॅप असा तिसऱ्याच शहरात गेला. हक्कसुद्धा विकला जातो.

विजेचा_लोळ
थंडरच्या चाहत्याकडून एक जखम. 'प्रोटेक्शन'बद्दल अजून कुणी बोललं नाही. २०१९ मध्ये रसेल वेस्टब्रुक ह्यूस्टनला गेला, तेव्हा आम्हाला २०२१ चा स्वॅपही मिळाला होता, पण अट अशी की ह्यूस्टनचा पिक पहिल्या चारांत आला तर त्यांच्याकडेच राहणार. त्या वर्षी ह्यूस्टन लीगमध्ये शेवटचं. शेवटच्या संघाला पहिल्या चारांत यायची शक्यता ५२.१ टक्के, पाचवा मिळायची ४७.९. जवळजवळ नाणेफेकच. पाचवा निघाला असता तर तो आमचा आणि ह्यूस्टनच्या हाती मायामीकडून आमच्याकडे आलेला अठरावा. त्या रात्री मी हात जोडून बसलो होतो. दुसरा निघाला. ह्यूस्टनला जेलन ग्रीन मिळाला, आम्हाला काही नाही.

म्हणून ताई, मुलाला सांगा, या चोविसाव्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. क्लिपर्सच्या सौद्यातला खरा ऐवज स्वॅप नव्हताच. शे गिल्जस-अलेक्झांडर त्यात होता, आणि २०२२ च्या पिकातून जेलन विल्यम्स आला. चषक त्यांनी आणला.

बोस्टनचा_बाळू
सहमत. आमच्याकडेही २०२४ चा चषक टेटमने आणि जेलन ब्राउनने आणला. ब्राउन त्याच ब्रुकलिनच्या २०१६ च्या सरळ पिकातला, तिसऱ्या नंबरचा. एक स्वॅपचं झाड, एक पिकाचं.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढताना वाटलं नव्हतं की इतकं काही मिळेल. काल रात्री जेवताना मुलाला सगळं सांगितलं. डब्याचं उदाहरण लगेच पटलं. नेट्सवेडांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, "त्या काकांना सांग, आम्ही पण २०२१ ला रडलो होतो." तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, थंडर हे नावही त्याला ठाऊक नव्हतं. तरी 'आम्ही'.

मला अजूनही वाटतं की नेट्सवेडा म्हणतात त्यात तथ्य आहे. सात वर्षांपुढचं आत्ता देऊन टाकायचं, हे मला जड जातं. २०२४ मध्ये सॅन अँटोनियोने सॅक्रामेंटोकडून २०३१ चा स्वॅप घेतला, असं कालच वाचलं. त्या ड्राफ्टमध्ये निवडली जाणारी मुलं आज माझ्या मुलाच्याच वयाची असतील, शाळेत, दप्तर पाठीवर.

पण त्याने एक प्रश्न विचारला, तो इथे विचारते. "मग क्लिपर्सना आपला पिक वाचवायला काहीच करता येत नव्हतं का?" मी म्हटलं, नाही रे, शब्द दिलेला. तर म्हणाला, "येत होतं. थंडरपेक्षा जास्त सामने जिंकायचे."

हिशेबनीस
बरोबर आहे त्याचं. २०२३ चा स्वॅप क्लिपर्सने असाच वाचवला. त्यांचे ४४ विजय, थंडरचे ४०. थंडरचा नंबर बारावा होता, डबा बदलायची गरजच पडली नाही.

नेट्सवेडा
ओसरीताई, त्याला म्हणावं, काकांनी वाचलं. जर्सी सिटीला आलात तर त्याला सामन्याला मी नेईन. थंडरची जर्सी घालून आला तरी चालेल.